रोमन माणसाचे देवांशी असलेले नाते पोकळ नव्हते

इ.स.पू. २१७ मध्ये इटलीतल्या त्रासिमेनो सरोवराच्या काठी कार्थेजचा सेनानी हॅनिबल याने रोमन सैन्याचा धुव्वा उडवला. सुमारे पंधरा हजार सैनिक मारले गेले आणि त्यांचा सेनानी, कॉन्सल गायस फ्लामिनियस, त्यांच्याबरोबरच पडला. या पराभवानंतर सर्वाधिकार हाती आलेल्या फाबियस मॅक्सिमसने सिनेटपुढे पहिला विषय मांडला तो सैन्यभरतीचा नव्हता, देवांचा होता. फ्लामिनियसचा दोष उतावळेपणापेक्षा शकुन आणि विधी यांची उपेक्षा करण्यात अधिक आहे, असे त्याचे म्हणणे होते. सिबिल या भविष्यवादिनीच्या पवित्र ग्रंथांचा कौल घेण्यात आला आणि त्यातून निघालेल्या उपायांत एक फार मोठा नवस होता: येत्या पाच वर्षांत कार्थेजशी आणि आल्प्सच्या अलीकडच्या गॉल लोकांशी चाललेल्या युद्धांतून रोमन प्रजासत्ताक सुखरूप राहिले, तर एका वसंत ऋतूत जन्मलेली डुकरे, मेंढ्या, शेळ्या आणि गुरे यांची सगळी पिल्ले ज्युपिटरला अर्पण केली जातील. मुख्य पुरोहित लेंटुलस याने त्यावर आक्षेप घेतला की, लोकांच्या आज्ञेवाचून असा नवस बोलता येणार नाही. म्हणून तो एखाद्या कायद्याच्या मसुद्याप्रमाणे नागरिकांपुढे ठेवण्यात आला आणि त्यांनी संमती दिल्यावरच बोलला गेला.

इतिहासकार लिव्हीने या नवसाचे शब्द जपून ठेवले आहेत, आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. अर्पण करायचे जनावर त्याआधीच मेले, तर ते देवाचे धरले जाणार नाही आणि त्यात कोणाचा अपराध नाही. कोणी नकळत त्याला इजा केली किंवा मारले, तर तो दोषी नाही. कोणी ते चोरले, तर पाप रोमन लोकांनाही लागणार नाही आणि ज्याच्याकडून चोरीला गेले त्यालाही लागणार नाही. कोणी नकळत अशुभ दिवशी बळी दिला, रात्री दिला किंवा दिवसा दिला, गुलामाने दिला किंवा स्वतंत्र माणसाने दिला, तरी तो यथाविधी दिला असेच मानले जाईल. याच प्रसंगी ज्युपिटरसाठी मोठे खेळ भरवण्याचेही कबूल करण्यात आले आणि त्यांच्या खर्चाची रक्कम ३,३३,३३३ आणि एक तृतीयांश आस, म्हणजे तांब्याची नाणी, अशी ठरवून सांगण्यात आली.

गेल्या दोनअडीच शतकांतील अनेक विद्वानांना या शब्दांत धर्म दिसला नाही, फक्त व्यवहार दिसला. हेगेलने रोमन धर्माला उपयुक्ततेचा धर्म म्हटले. रोमच्या इतिहासाचा महान अभ्यासक थिओडोर मॉमसेन याला रोमन देव माणसापुढे उभा राहिलेल्या सावकारासारखा वाटला. त्याआधी एडवर्ड गिबनने लिहून ठेवले होते की, रोमन जगातील सगळे उपासनापंथ सामान्य लोकांना सारखेच खरे, तत्त्वज्ञांना सारखेच खोटे आणि राज्यकर्त्यांना सारखेच उपयोगी वाटत असत. या मतांचा एकत्रित परिणाम असा झाला की, रोमन माणसाचे देवांशी नाते म्हणजे वरून कोरडा करार, आतून भीती, आणि उच्चवर्गाच्या बाबतीत उघड दांभिकपणा, ही समजूत शालेय पुस्तकांपर्यंत जाऊन पोहोचली. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे आणि ती दुरुस्त करणे केवळ रोमच्या अभ्यासकांच्या सोयीसाठी आवश्यक आहे असेही नाही. धर्म म्हणजे मनातली श्रद्धा आणि आचार म्हणजे तिच्यावरचे टरफल, हे माप ज्या वादांतून घडले ते युरोपातल्या ख्रिस्ती पंथांचे आपसातले वाद होते. प्रॉटेस्टंटांनी कॅथलिक कर्मकांडावर जी टीका केली, तिच्याच चष्म्यातून पुढे रोमकडे पाहिले गेले. मुंबईत १८३० च्या सुमारास मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांच्यात जे वाद झाले, त्यात मिशनरींच्या हातातही तेच माप होते. त्यामुळे ते माप तपासून पाहण्यात मराठी वाचकालाही रस असायला हरकत नाही.

पुन्हा त्या नवसाकडे वळू. त्यातले एकेक कलम कोणाच्या रक्षणासाठी आहे, हे पाहिले की त्याचा सूर बदलतो. ज्याची शेळी चोरीला गेली तो शेतकरी, ज्याला पंचांगातला अशुभ दिवस ठाऊक नव्हता तो गुराखी, मालकाच्या वतीने बळी देणारा गुलाम, यांच्यातल्या एकाच्या चुकीमुळे सगळ्या राष्ट्राचा नवस मोडू नये आणि राष्ट्राच्या नवसापायी त्यांच्यातल्या एकालाही पाप लागू नये, अशी ही तजवीज आहे. ज्या देवाशी असे बोलता येते तो लहरी जुलमी नाही. जाणूनबुजून केलेले आणि नकळत घडलेले यांतला फरक त्याला कळतो, माणसाची अडचण त्याच्यापुढे आधीच मांडता येते, आणि एकदा मान्य झालेल्या शर्तींच्या पलीकडे तो काही मागणार नाही असा भरवसा धरता येतो. भीतीने गोठलेला माणूस शर्ती घालत नाही. जो शर्ती घालतो त्याला समोरच्याच्या न्यायबुद्धीची खात्री असते.

मॉमसेनची सावकाराची उपमा मला याच ठिकाणी अपुरी वाटते. नवसात आधी देतो तो देव. माणूस फक्त शब्द देतो आणि मागितलेले मिळाल्यानंतर फेडतो. मधल्या काळात विश्वास टाकलेला असतो तो देवाने माणसावर, आणि पणाला लागलेली असते ती माणसाची अब्रू. २१७ मध्ये बोललेला तो नवस युद्ध जिंकून कित्येक वर्षे लोटल्यावर, इ.स.पू. १९५ मध्ये फेडला गेला. हॅनिबल तेव्हा इटलीतून केव्हाच गेला होता, कार्थेज नमले होते, आणि नवस विसरल्याबद्दल जाब विचारणारे पृथ्वीवर कोणी नव्हते. तरीही पुढच्याच वर्षी मुख्य पुरोहित लिसिनियसने आधी पुरोहितमंडळाला आणि मग सिनेटला कळवले की तो विधी नीट झालेला नाही. इ.स.पू. १९४ मध्ये तो नव्याने करण्यात आला आणि १ मार्च ते ३० एप्रिल या काळात जन्मलेली जनावरे त्यासाठी धरावीत असे स्पष्ट करण्यात आले. गरज सरल्यानंतर दोनदा केलेली ही फेड निव्वळ सौद्याच्या मनोवृत्तीने समजावून सांगता येत नाही.

साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत, ब्रिटनपासून आफ्रिकेपर्यंत, सैनिकांनी, व्यापाऱ्यांनी आणि मुक्त झालेल्या गुलामांनी उभारलेल्या हजारो दगडी वेदी सापडल्या आहेत आणि त्यांच्यावर चार लॅटिन आद्याक्षरे पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा अर्थ असा की, अमक्याने नवस फेडला, आनंदाने आणि देव त्याला पात्र होता म्हणून. हे ठरीव शब्द आहेत हे खरे, पण ठरीव शब्दांत भावना नसते असे म्हणणाऱ्याने आपल्या घरच्या लग्नपत्रिका आणि शोकसंदेश एकदा वाचून पाहावेत. शब्द ठरीव असतात कारण त्या क्षणी माणसाला आपले वेगळेपण दाखवायचे नसते, आपल्याआधी ज्यांनी हेच केले त्यांच्या रांगेत उभे राहायचे असते. इटलीतल्या देवळांच्या परिसरात भाजक्या मातीचे पाय, हात, डोळे, गर्भाशय आणि कापडात गुंडाळलेली तान्ही बाळे यांचे ढीगच्या ढीग सापडले आहेत. ती वाहणाऱ्यांची नावे बहुतेक वेळा कळत नाहीत. त्यांचे दुखणे मात्र कळते.

शब्दांच्या नेमकेपणाबद्दलही असाच गैरसमज आहे. थोरल्या प्लिनीने वर्णन केले आहे की, सार्वजनिक प्रार्थनेच्या वेळी एक जण लेखी मजकूर वाचून सांगत असे म्हणजे एकही शब्द गळू नये किंवा मागेपुढे होऊ नये, दुसरा त्यावर लक्ष ठेवत असे, तिसरा शांतता राखायला लावत असे आणि दुसरे काही कानी पडू नये म्हणून बासरीवादक सतत वाजवत असे. हा नेमकेपणा यांत्रिक वाटतो, पण तो अज्ञानाच्या जाणिवेतून आलेला आहे. इ.स.पू. १६० च्या सुमारास थोरल्या कॅटोने शेतीवर जे पुस्तक लिहिले, त्यात राईतली झाडे विरळ करण्यापूर्वी करायची प्रार्थना दिली आहे. शेतकरी डुक्कर अर्पण करतो आणि म्हणतो, तू देव असशील किंवा देवी असशील, ही राई ज्याची कोणाची असेल त्याला हे प्रायश्चित्त. त्या झाडांत कोण राहते हे त्याला माहीत नाही. आपण दुसऱ्याच्या जागेत शिरतो आहोत, एवढे मात्र त्याला पक्के माहीत आहे. त्याच पुस्तकात शेताच्या शुद्धीसाठी मार्सला डुकराचे पिल्लू, कोकरू आणि वासरू अर्पण करण्याचा विधी आहे आणि त्यात शकुन चांगला न आल्यास काय म्हणायचे तेही सांगितले आहे: बाप मार्सा, त्या अर्पणात तुला काही उणे वाटले असेल, तर हे घेऊन तुझे समाधान होवो. नात्यात चूक होणार हे गृहीत आहे आणि ती दुरुस्त करण्याची वाटही आधीच ठेवलेली आहे.

इंग्लंडमधल्या बाथ गावी सुलिस मिनर्व्हा देवीचे ऊन पाण्याचे कुंड आहे. त्यात टाकलेले शिशाचे पातळ पत्रे उत्खननात मिळाले, त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे आणि त्यांतल्या बहुतेकांवर चोरीच्या तक्रारी लिहिलेल्या आहेत. डोसिलियानस नावाच्या माणसाची डोक्यावर घ्यायची टोपी जोडलेली घोंगडी चोरीला गेली होती. तो देवीला विनवतो की, चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, वस्तू देवळात परत येईपर्यंत त्याला झोप मिळू देऊ नकोस. दुसऱ्या एकाचे हातमोजे गेले आहेत. या मागण्या क्षुद्र वाटतात, पण ज्याची तक्रार न्यायाधिकाऱ्याच्या दारात कोणी ऐकून घेतली नसती, त्या माणसाला त्या कुंडापाशी फिर्यादी म्हणून उभे राहता येत होते, ही गोष्ट मला क्षुद्र वाटत नाही.

जिथे भरवसा असतो तिथे रागही असतो, आणि रोमन माणसे देवांवर मोकळेपणाने रागावत. इ.स. १९ मध्ये लोकांचा लाडका राजपुत्र जर्मॅनिकस अंतिओकमध्ये वारला, तेव्हा चरित्रकार सुएटोनियस सांगतो त्याप्रमाणे देवळांवर दगडफेक झाली, वेदी उलथवल्या गेल्या आणि काहींनी आपल्या घरातले कुलरक्षक लार देव उचलून रस्त्यावर फेकले. ऑगस्टसबद्दलही असे सांगतात की, सिसिलीच्या युद्धात वादळाने त्याचे आरमार बुडवले, तेव्हा नेपच्यूनच्या मनात नसले तरी मी जिंकेन असे तो म्हणाला आणि पुढच्या खेळांच्या मिरवणुकीतून त्याने त्या देवाची मूर्ती काढून टाकायला लावली. त्याचा शत्रू सेक्स्टस पाँपियस स्वतःला नेपच्यूनचा पुत्र म्हणवत होता, त्यामुळे या शिक्षेत राजकारणही होते. पण ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला मिरवणुकीतून कोणी वगळत नाही. ज्यांनी लार रस्त्यावर फेकले, त्यांच्या दृष्टीने देवांनी आपली बाजू पाळली नव्हती. हा विश्वासघाताचा संताप आहे, आणि विश्वासघात नाते असल्याशिवाय घडत नाही.

शत्रूच्या देवांशी रोमन कसे वागत, यावरही हेच नाते प्रकाश टाकते. इ.स.पू. ३९६ मध्ये कामिलसने व्हेई हे एट्रुस्कन शहर घेतले, तेव्हा हल्ल्यापूर्वी त्याने तिथल्या जूनो राणीला विनंती केली की, तू आमच्याबरोबर चल, तुझ्या थोरवीला शोभेल असे मंदिर तुला रोममध्ये मिळेल. शहर पडल्यावर निवडक तरुण आंघोळ करून, पांढरी वस्त्रे नेसून तिला न्यायला गेले. त्यांच्यातल्या एकाने विचारले, जूनो, रोमला यायचे आहे का तुला? इतर सगळे ओरडले की देवीने मान हलवली. ॲव्हेंटाइन टेकडीवर तिचे मंदिर इ.स.पू. ३९२ मध्ये उभे राहिले. जिंकलेल्या शहरातली माणसे गुलाम म्हणून विकली गेली आणि देवीला मात्र तिची इच्छा विचारण्यात आली. यातली क्रूरता मी झाकू इच्छित नाही. तरीही शत्रूचे देव खोटे आहेत, ही कल्पना रोमन माणसाच्या मनाला शिवली नव्हती. ते त्याच्यासाठी खरे होते, अधिकारसंपन्न होते आणि त्यांना नागरिकत्व देऊ करता येत होते.

दांभिकपणाचा आरोप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचा पुरावा प्राचीन लेखकांनीच दिलेला आहे. ग्रीक इतिहासकार पोलिबियसने म्हटले होते की, रोमन लोकांनी सामान्यांना काबूत ठेवण्यासाठी देवांचे भय वापरले. वक्ता आणि राजकारणी सिसेरो इ.स.पू. ५३ पासून शकुन पाहणाऱ्या अधिकृत मंडळाचा सदस्य होता आणि त्यानेच पुढे शकुनशास्त्राच्या विरोधात तर्कशुद्ध ग्रंथ लिहिला. देवांच्या स्वरूपावरील त्याच्या संवादात पुरोहित कोट्टा हा संशयवादी विचारवंत म्हणून बोलतो. देव आहेत हे सिद्ध करण्यासाठी स्टोइक या तत्त्वज्ञांच्या पंथाने दिलेले सगळे युक्तिवाद तो खोडून काढतो, आणि तरीही सुरुवातीलाच सांगतो की, पूर्वजांकडून आलेले विधी मी नेहमी पाळत आलो आहे आणि पुढेही पाळीन. तत्त्वज्ञाकडून मला कारणे हवीत, पूर्वजांवर मात्र मी कारणांशिवायही विश्वास ठेवायला हवा, असे त्याचे म्हणणे आहे.

हे वाचून कोट्टा खोटे बोलतो आहे असे ठरवणे सोपे आहे, कारण आपण असे धरून चालतो की, आधी मनात मत तयार होते आणि आचार त्याचा परिणाम म्हणून येतो. कोट्टाच्या जगात क्रम वेगळा होता. देवांशी नाते हे मुलाचे आईबापांशी किंवा नागरिकाचे नगराशी असते तसे जन्माने मिळालेले होते, आणि त्याविषयीचे सिद्धान्त ही नंतर, फावल्या वेळी, मित्रांशी चर्चा करण्याची गोष्ट होती. रोमन विद्वान व्हॅरोने तर आपल्या ग्रंथात माणसांच्या गोष्टी आधी आणि देवांच्या नंतर मांडल्या आणि कारण दिले की, चित्रकार चित्राच्या आधी असतो तसे नगर त्याच्या धर्मसंस्थांच्या आधी असते. आपल्या उपासना माणसांनी घडवल्या आहेत हे इतक्या उघडपणे सांगूनही ज्याला त्या सोडाव्याशा वाटत नाहीत, त्याचा प्रामाणिकपणा वेगळ्या ठिकाणी शोधायला हवा. सिसेरोने देवभक्तीला देवांविषयीचा न्याय म्हटले आहे. ज्याचे त्याला देणे यासाठी त्याच्याविषयीचा सिद्धान्त पूर्ण व्हायची वाट पाहावी लागत नाही.

तत्त्वज्ञ सेनेकाने रोममधल्या कॅपिटॉल टेकडीवरच्या, ज्युपिटरच्या देवळातल्या भक्तांचे जे वर्णन केले आहे, ते त्याने तिरस्काराने केले, पण माझ्यासाठी तो सर्वांत मोलाचा पुरावा आहे. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने उद्धृत केल्यामुळे तो उतारा वाचला. एक जण ज्युपिटरला भेटीला आलेल्यांची नावे सांगतो, दुसरा त्याला किती वाजले ते सांगतो, तिसरा हवेतच हात फिरवून त्याला तेल लावतो. स्त्रिया देवळापासून दूर उभ्या राहून जूनो आणि मिनर्व्हा यांचे केस विंचरल्यासारखी बोटे हलवतात, कोणी आरसा धरते. कोणी आपल्या खटल्याचे कागद देवाला दाखवून बाजू समजावतो. एक वयोवृद्ध नट, ज्याचा खेळ पाहायला आता माणसे येत नाहीत, रोज टेकडीवर येऊन देवांपुढे आपला प्रयोग करतो. पहाटेची काकडआरती आणि रात्रीची शेजारती ज्याने पाहिली आहे, त्या वाचकाला ही माणसे काय करत आहेत हे समजावून सांगावे लागणार नाही. त्यांना कोणी बोलावले नव्हते, कोणता कायदा त्यांना तिथे आणत नव्हता, आणि त्यांच्या हवेतल्या हालचालींतून त्यांना काही मिळत असल्याचे सेनेकाही सांगत नाही. राज्याचा धर्म कोरडा होता असे म्हणणाऱ्यांनी राज्याच्या सर्वोच्च देवळाच्या अंगणातली ही गर्दी लक्षात घ्यायला हवी.

एवढे म्हटल्यावर या नात्याची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण ती बाजू बाहेरून चिकटलेली नाही, त्याच रचनेतून निघालेली आहे. विधी जर सगळ्यांच्या वतीने होत असेल, तर त्यातून बाजूला होणारा माणूस सगळ्यांनाच धोक्यात घालतो. कॅटोच्या शेतावर कारभारणीने महिन्याच्या ठरलेल्या दिवशी चुलीवर हार घालून लार देवाची प्रार्थना करायची असे, पण मालकाच्या आज्ञेवाचून दुसरा कोणताही विधी करायचा नसे, कारण सगळ्या घराच्या वतीने धर्मकृत्य करणारा मालक होता. तेच सूत्र राज्याला लावले की इ.स.पू. १८६ चा मद्याचा देव बाकस याच्या उपासकांवरील सिनेटचा हुकूम समजतो. दक्षिण इटलीत सापडलेल्या कांस्यपत्रावर तो आजही वाचता येतो. बाकसची उपासना करू नका असे तो म्हणत नाही. पाचांपेक्षा अधिक जण, त्यांत दोनांपेक्षा अधिक पुरुष आणि तीनांपेक्षा अधिक स्त्रिया, एकत्र जमू नयेत, सामाईक निधी नसावा, एकमेकांना शपथा देऊ नयेत, आणि त्याहून अधिक हवे असेल तर किमान शंभर सदस्य हजर असलेल्या सिनेटची परवानगी घ्यावी, असे तो म्हणतो. देवाविषयीच्या मताची चौकशी त्यात कुठेच नाही. भीती होती ती नगराच्या आत दुसरे नगर उभे राहण्याची, आणि त्या भीतीपोटी असंख्य माणसे मारली गेली.

हॅनिबलने कॅनी येथे केलेल्या पराभवानंतर इ.स.पू. २१६ मध्ये याच समाजाने एक गॉल आणि एक ग्रीक जोडपे गुरांच्या बाजारात जिवंत पुरले. ओपिमिया आणि फ्लोरोनिया या दोन व्हेस्टल, म्हणजे चुलीची देवता वेस्टा हिच्या ब्रह्मचारी, पुजारिणींवर व्रतभंगाचा आरोप आला, तेव्हा एकीला प्रथेप्रमाणे जमिनीखाली गाडण्यात आले आणि दुसरीने आत्महत्या केली. लिव्हीने त्या नरबळीला रोमला न शोभणारा विधी म्हटले आहे, आणि इ.स.पू. ९७ मध्ये सिनेटने नरबळीवर बंदी घातली. तरीही इथे देवाशी शर्ती ठरवताना शेतकऱ्याला दाखवलेली दया दुबळ्यांच्या वाट्याला आली नाही, हे मान्य करावेच लागते.

पुढे इ.स. २१२ मध्ये काराकल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले आणि त्याबरोबर नगराच्या देवांचे देणेही नकळत त्यांच्या खात्यावर आले. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत, २४९ च्या अखेरीस, सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरच्या चाळीसहून अधिक दाखल्यांत एकाच साच्यातला मजकूर आहे: मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे, आणि आताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर मी तर्पण केले, बळी दिला आणि प्रसाद चाखला. जे नाते नगराच्या छोट्या चौकात ओळखीच्या माणसांनी सांभाळले होते, ते साम्राज्याच्या मापाने वाढवल्यावर त्याला सरकारी दाखला लागू लागला. ज्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांनी तो घेण्यास नकार देऊन मृत्यू पत्करला, त्यांचे धैर्य मी निःसंकोच मानतो. रोमन धर्माचा खरा अपुरेपणा इथे आहे. देवांविषयी काहीही विचार करण्याची मोकळीक त्याने दिली, पण मला यात भाग घ्यायचा नाही असे म्हणणाऱ्यासाठी त्याच्याकडे जागा नव्हती. जे विद्वान त्याला श्रद्धाहीन म्हणतात ते चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात.

इ.स. ३८४ मध्ये रोमचा नगरपाल सिमॅकस याने बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याला निवेदन पाठवले, तेव्हा हा प्रश्न शेवटचा उघडपणे चर्चिला गेला. सम्राट ग्रेशियनने सिनेटच्या सभागृहातली विजयदेवीची वेदी काढून टाकली होती आणि व्हेस्टल पुजारिणींचे अनुदान बंद केले होते. एवढ्या महान रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोहोचता येत नाही, हे सिमॅकसचे वाक्य आज सहिष्णुतेचे सुभाषित म्हणून उद्धृत होते. पण तो केवळ वेगळे मत बाळगण्याची परवानगी मागत नव्हता. सार्वजनिक खर्चाशिवाय झालेला विधी सार्वजनिक ठरत नाही आणि त्याचे फळ सर्वांना मिळत नाही, हे त्याचे मूळ म्हणणे होते. मिलानचा बिशप ॲम्ब्रोज याने उत्तर दिले की, आमचा धर्म गरिबीत आणि छळात वाढला, तुमचे देव सरकारी पैशाशिवाय का जगू शकत नाहीत? आणि तुम्ही ज्याचा तर्क करता ते आम्हाला देवाच्या वाणीने कळले आहे. ॲम्ब्रोजचा पहिला मुद्दा बिनतोड आहे असे मला वाटते. दुसऱ्या मुद्द्यात मात्र पुढच्या अनेक शतकांची असहिष्णुता दडलेली आहे, कारण ज्याला कळले आहे त्याला इतरांच्या वाटा चालू ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, ८ नोव्हेंबर ३९२ रोजी, सम्राट थिओडोसियसच्या नावाने जो कायदा निघाला त्याने बळी देण्यावर बंदी घातलीच, पण तो त्याहून पुढे, घराच्या आत गेला. लार देवापुढे अग्नी पेटवू नये, गेनियस या घरधन्याच्या रक्षक देवतेला मद्य अर्पण करू नये, पेनातेस या घराच्या कोठाराच्या देवांना धूप दाखवू नये, दिवे लावू नयेत, हार टांगू नयेत असे त्यात एकेक करून सांगितले आहे, आणि ज्या घरात धूप जळाल्याचे आढळेल ते घर सरकारजमा होईल अशी तरतूद आहे. तोवर राज्याची वेदी हटून दहा वर्षे झाली होती आणि पुजाऱ्यांचे अनुदानही थांबले होते. उपयोग, भीती आणि राजकारण एवढ्यावरच हे नाते उभे असते, तर तो आधार गेल्यावर ते आपोआप संपायला हवे होते आणि कोणाच्या चुलीपाशी कोणता धूप जळतो याची सम्राटाला दखल घ्यावी लागली नसती. कायदा करणाऱ्यांना या नात्याचा शत्रू म्हणून का होईना अनुभव होता, आणि ते कुठे जिवंत आहे हे त्यांना हेगेल आणि मॉमसेन यांच्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक होते.